दाराजवळची ट्रंक

हैदराबादेत मलकपेठच्या शाळेत हणमंतराव मास्तर वीस वर्षं एकच धडा रंगवून शिकवत आले होते. "जोर लावल्याशिवाय वस्तू जागची हलत नाही. कळलं?" पोरं एका सुरात म्हणत, "हौ सर!"

छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. मराठी मास्तरांनी औरंगाबादला जायचं की इथंच राहायचं, ते लिहून द्यायचं होतं. "तू म्हणशील तसं," ते बायकोला म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पद्मावतीबाईंनी माळ्यावरची ट्रंक उतरवून दाराजवळ ठेवली. मास्तर समजले, हिला औरंगाबादकडच्या माहेरची ओढ लागलीय. त्यांचा स्वतःचा जीव याच गावात अडकलेला. तरी ते महिनाभर ट्रंकेला वळसा घालून शाळेत जात राहिले आणि शेवटच्या दिवशी 'औरंगाबाद' लिहून आले.

घरी येऊन त्यांनी ट्रंक उचलायला दोन्ही हातांनी जोर लावला, तशी ती भस्सकन वर आली आणि मास्तर मागच्या मागे पडता पडता वाचले. ट्रंक रिकामी होती.

"तुम्हाला जायचं असेल म्हणून उतरवली खरी," पद्मावतीबाई म्हणाल्या, "पण एक लुगडं ठेवायला हात धजला नाही. महिनाभर तिथंच तर होती. अहो, एकदा तरी हलवून बघायची होती."