सदतीस शून्यं

“शून्य. त्याच्या पुढचा? शून्य. त्याच्याही पुढचा? शून्य! बाई, हे काय चाललंय काय?”

संस्थेच्या सचिवांनी निकालाचा कागद टेबलावर आपटला. कॉलेजातली सदतीस मुलं कॉम्प्युटरच्या प्राथमिक परीक्षेला बसली होती आणि सदतिसांच्याही नावापुढे शून्य होतं.

“मशिन बिघडलं असेल,” सचिव म्हणाले.

“मी तीनदा तपासलं,” कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खोल गेला होता.

एरवी मुलं नापास झाली म्हणून सचिवांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नसती. पण त्यांना ती कॉम्प्युटरची खोली हवी होती. बैठकीसाठी. रंगाऱ्याला रंगही सांगून झाला होता. हा वर्ग गरज असेपर्यंतच होता आणि विद्यापीठाचा आदेश सरळ होता. निम्मी मुलं पास झाली की वर्ग बंद आणि बाईंना नारळ. नाही झाली, तर वर्ग आणि बाई आणखी एक वर्ष तिथेच. त्यात ना सचिवांचं काही चालणार होतं, ना कुणाचं.

आणि बाई चांगलं शिकवतात याबद्दल गावात दुमत नव्हतं. त्या भरवशावर तर रंग ठरला होता!

वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी काय दिवे लावले होते ते बाईच जाणोत. मोबाइलवर पोरांची बोटं थांबत नव्हती, पण कॉम्प्युटर म्हटला की सगळा आनंद. पैलवान नावाने ओळखला जाणारा एक आडदांड मुलगा पडद्यावरच बोट दाबत बसायचा आणि “हा ऐकतच नाही मॅडम” म्हणायचा. चिमणी म्हणतात त्या मुलीने तर अख्खा अर्ज टाइप केला, सरळ बटण बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन अर्ज शोधायला लागली. “इथेच तर ठेवला होता,” म्हणाली.

बाईंनी हात टेकले नाहीत. फाइल जपून ठेवणं, नाव देणं, ईमेलला जोडून पाठवणं, अनोळखी लिंकला हात न लावणं, सगळं दहादहा वेळा करून घेतलं. एकोणीस मशिनं आणि सदतीस मुलं. घरी कॉम्प्युटर एकाकडेही नव्हता. सुटीच्या दिवशी शिपाई कुलूप काढायला कुरकुरायचा, म्हणून बाईंनी किल्लीच मागून घेतली होती.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आदेश वर्गात वाचून दाखवला, तेव्हा चिमणी उभी राहिली.

“आम्ही पास झालो की तुम्ही जाणार?”

“हो.”

“पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण येईल. तिला कोण शिकवणार?”

“त्याची काळजी तू करू नकोस. आणि ऐका रे सगळे, माझी नोकरी टिकावी म्हणून मी कुणाला अडाणी ठेवणार नाही. नीट सोडवा. माझं नाक कापू नका.”

“बरं मॅडम,” वर्ग म्हणाला. इतक्या शहाण्यासारखा तो कधी बोलत नसे.

परीक्षेत मुलं दोन तुकड्यांत तासतासभर मान खाली घालून बसली होती. पैलवानाला घाम फुटला होता. चिमणी एकेक प्रश्न तीनतीनदा वाचत होती. बाहेर पडताना एकानेही बाईंकडे पाहिलं नाही. वर्षभराची मेहनत मातीत गेली, आणि पोरांना तोंड दाखवायचीही लाज वाटतेय, असंच त्यांना वाटलं. रात्रभर त्या रडल्या होत्या.

“तुम्हीच पढवलंत ना त्यांना?” सचिवांनी डोळे बारीक केले. “कोरे पेपर द्या म्हणून?”

“तोंड सांभाळून बोला, साहेब!” बाई उसळल्या. “एकही पेपर कोरा नाही. प्रत्येकाने चाळीसच्या चाळीस प्रश्न सोडवलेत. हे बघा.”

“मग पेपरच भलता अवघड काढला असणार.”

“पेपर विद्यापीठाचा आहे. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. विश्वास नसेल तर तुम्हीच सोडवून बघा. या, बसा.”

सचिवांची पत्रंसुद्धा कारकून टाइप करायचा. पण आव्हान दिलं म्हटल्यावर मागे हटतील तर सचिव कसले! ते कॉम्प्युटरसमोर बसले. प्रश्न वाचायच्या भानगडीत पडलेच नाहीत. माउस आपटत, हाताला येईल ते दाबत त्यांनी पाच मिनिटांत चाळीस प्रश्न उडवले. पडद्यावर आकडा आला.

अकरा.

“अकरा!” सचिव खुर्चीतच उडाले. “पास नाही झालो, पण अकरा! जन्मात आज पहिल्यांदा उंदीर हातात धरला, एक अक्षर वाचलं नाही, तरी अकरा! आणि तुमच्या त्या सदतीस दिवट्यांना वर्षभर शिकून एक उत्तर बरोबर देता येईना?”

बाई त्या अकराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सदतीस शून्यांचा कागद उचलला आणि सावकाश वरपासून खालपर्यंत वाचला. आंधळेपणाने दाबलं तरी अकरा लागतात. चाळीसपैकी एकही लागू द्यायचं नसेल, तर चाळीसही बरोबर उत्तरं माहीत हवीत. नुसतं नापास व्हायला तर दहा-पंधरा पुरले असते.

“बोला की,” सचिव म्हणाले. “आता काय करायचं या ठोंब्यांचं?”

बाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि होता होईल तेवढा चेहरा पाडला.

“काय करणार साहेब? पार पहिल्यापासून शिकवावं लागणार. वर्ष तरी लागेलच.”