एक गोण तांदूळ

दाजीच्या खाटेशी टेकतो न टेकतो तोच कमळाकरची नजर खिडकीतून अंगणात गेली, आणि मेली तिथंच अडकली.

चूल मागच्या अंगाला, फणसाखाली मांडायची. पंगत पडवीपासून तुळशीपर्यंत. तांदूळ एक गोण पुरे. बिरड्याचे वाल दोन दिवस आधी भिजत घालायचे, गोडाला खीर. आणि कावळ्याचं पान? ते गोठ्याच्या कौलांवर ठेवायचं, तिथं कावळा लवकर उतरेल.

पानापाशी आला आणि कमळाकर चपापला. अरे, काय हे! माणूस समोर जिवंत आहे, आपल्याकडे बघतोय, आणि आपण त्याच्या तेराव्याला बसलो जेवायला वाढत! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला. आणलेली मोसंबी अजून मांडीवरच होती.

कमळाकर गडब गावचा आचारी. पेणपासून रोह्यापर्यंत कुठंही कार्य असो, मांडव दाजीचा आणि जेवण कमळाकरचं, हे ठरलेलं. लग्न असो की दिवसकार्य, अर्धं आयुष्य दोघांनी असंच जोडीनं काढलं. गेल्या महिन्यात दाजीची एक बाजू गेली. इस्पितळातून घरी आणल्याचं कळलं, तसा कमळाकर लगोलग रोह्याला आला होता. आला होता धीर द्यायला, आणि बघा काय करून बसला!

"आंगन बघतोस ना?" दाजी म्हणाला. जीभ जड झाली होती, पण डोळे तेच होते. "मी पन तेच बघतो दिवसभर. रोहिणीचं जमलंय. जिते गावचा पोरगा हाय. मांडव हितंच घालनार, माझ्या हातानं."

"त्याच्यासाठीच तर उठून बसायला लागलेत, भावजी," दाजीची बायको कृष्णाबाई म्हणाली. "नायतर औषधसुद्धा घेत नव्हते."

कमळाकरला मान वर करवेना. लेकीच्या लग्नावर जीव धरून बसलेला हा माणूस, आणि आपण मेल्यानं काय बघितलं त्या अंगणात!

"बोल की कमळ्या. तांदूळ किती लागेल?"

"एक गोण," कमळाकर घाईनं बोलून गेला. तयारच होतं ते जिभेवर.

कृष्णाबाई हरखली. "बघा! येताच हिशेब करून मोकळे! जिवाभावाचा मानूस तो असा!" डोळ्यांना पदर लावत ती चहा ठेवायला आत गेली.

दाजी हसला नाही. त्यानं कमळाकरकडे बघितलं, मग गोठ्याच्या कौलांकडे. आत भांडी वाजायला लागली, तसा तो हळूच म्हणाला,

"लग्नाला दोन लागतात, कमळ्या. एका गोणीत तेरावं होतं."