खोकणारा कोल्हा

सिनेमा सुटला तशी नेरिस तणतणतच गावच्या पबमध्ये शिरली. ज्या कादंबरीवरून तो काढला होता, तिच्यावर जीव टाकणारी सगळी मंडळी तिथे जमून सिनेमाची पिसं काढत होती. कुणाला राणीचे केस खटकले होते, कुणाला शेवट.

"केसांचं काय घेऊन बसलात? खोकणारा कोल्हाच गाळलाय मेल्यांनी!" नेरिस कडाडली. "जंगलात त्या पोरीच्या सोबतीला असतो तो!"

कादंबरी तोंडपाठ असलेला गेथिन म्हणाला, "बाई गं, पुस्तकात कोल्हा नाहीच. ती एकटीच जाते. तू वाचलंयस ना नक्की?"

नेरिसने वाचलं नव्हतं. ती सात वर्षांची असताना आई गेली, त्या हिवाळ्यात बाबांनी उशाशी बसून वाचून दाखवलं होतं, तेवढंच.

घरी येऊन तिने बाबांना जाब विचारला.

"एवढ्याशा पोरीला जंगलात एकटं कसं सोडायचं?" बाबा म्हणाले. "दिला एक सोबतीला."

"पण तो सारखा खोकायचा कशाला?"

बाबा उत्तर द्यायला गेले, पण खाणीतल्या धुळीमुळे छातीत घर केलेला तो जुना खोकला आधी बाहेर आला.