सतरा नंबरची पावडर

क्षितिजाने पत्र तिसऱ्यांदा वाचलं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या विलास सरांनी ते तिच्या वतीने लिहून ठेवलं होतं, तिने फक्त सही करायची होती. ‘सतराव्या बॅचचे आकडे माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचे नोंदले गेले.’ म्हणजे मी खोटं लिहिलं, एवढंच जरा सभ्य शब्दांत.

माण गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रयोगशाळा होती आणि तिथे एकच काम चाले. मिथेनॉलची वाफ झिओलाइटच्या पांढऱ्या पावडरीतून सोडायची आणि पलीकडून प्लास्टिकला लागणारे हलके वायू मिळवायचे. पावडरीला इतकी बारीक भोकं, की वायूच्या रेणूलाही अंग चोरून जावं लागतं. काही तासांत भोकांत काजळी धरते, पावडर काळी पडते आणि काम थांबतं. क्षितिजाच्या सगळ्या बॅचेस पंधरा तासांत काळ्या पडत. सतरावी तेवढी साठ तास चालली. पुढच्या पाच पुन्हा पंधरावर आल्या, आणि सतरावी तर तपासण्यांतच संपली होती. दाखवायला चिमूटभरही शिल्लक नव्हती.

“मला तू खोटारडी वाटत नाहीस,” सर म्हणाले. “पण आपल्याला पैसे देणाऱ्या कंपनीला चार वाजेपर्यंत उत्तर हवंय. सही कर आणि विषय संपव.” एवढं बोलून ते फोन कानाला लावून बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. घाईतली माणसं दुसऱ्याची अब्रू फार चटकन देऊन टाकतात. दोन वाजले होते.

सिंकपाशी साळूबाई नवी बॅच धूत होत्या. तयार झालेली पावडर गाळणीवर घेऊन विकतच्या कॅनमधल्या क्षार काढलेल्या पाण्याने चारदा धुवायची, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी नळ बंद केला.

“ताई, सही केली म्हंजी काय हुईल?”

“माझ्या आकड्यांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, मावशी.”

साळूबाईंनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिल्या.

“सतरा नंबर म्या आमच्या इहिरीच्या पाण्यानं धुतली.”

क्षितिजाने पेन खाली ठेवलं.

“त्या दिशी कॅनची गाडी आलीच न्हाई, चांदणी चौकात अडकली व्हती. पावडरीची ढेकळं व्हायला लागली. मग घरनं दोन हंडे आणले. तुमच्या कॅनच्या पाण्याला चव ना ढव. इहिरीचं पाणी आमच्या देवाला चालतं, पावडरीला न चालायला काय झालं?” त्या थांबल्या. “मागनं कळलं, तुमी वहीत कॅनचंच पाणी लिवलंय. तवा भ्याले. काम जाईल म्हून बोलले न्हाई.”

क्षितिजाला राग आला, चांगलाच आला. दोन महिने ती उकरत होती ते कारण तिच्यापासून चार पावलांवर उभं राहून पावडर धूत होतं. पण रागाच्या आडून डोकं चालायला लागलंच.

“पाणी जड होतं का ते?”

“लई जड. डाळ शिजायची न्हाई त्यात.”

डाळ शिजू न देणारं पाणी म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम. ते पावडरीत बसलं तर काजळी उशिरा धरते, हे तिने स्वतः वाचलं होतं. कॅनवर भरवसा टाकून तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

“मावशी, मला एक बाटली द्या त्या विहिरीचं पाणी. आत्ता.”

“कुटनं देऊ? दिवाळी झाली आन् बुजवली. तितं आता टॉवरचं पार्किंग हाय.”

क्षितिजा स्टुलावर बसली. तिने विचारलं, “त्या पाण्याचं एखादं जुनं भांडं?”

“आंघुळीचा हंडा हाय.”

साळूबाईंचं घर पाच मिनिटांवर होतं. तीन मजले भाडेकरूंच्या खोल्यांचे, आणि जिन्याखाली तांब्याचा काळा पडलेला हंडा. आत बोटाच्या पेराएवढा पांढरा खार बसला होता. “चिंच लावली, राख लावली,” साळूबाई म्हणाल्या. “निघंना. सून भंगारात घाल म्हनती.”

क्षितिजाने कागद पसरला आणि सुरीने खरवडायला घेतलं. खपल्या पडू लागल्या. त्या पाण्यात काय होतं आणि साधारण किती, याचा अंदाज यातून येणार होता. मग त्याच पाण्याने धुतल्यासारखी बॅच पुन्हा करून दाखवता येणार होती. हात चालू ठेवून ती म्हणाली, “सरांना सगळं सांगावं लागेल.”

“मीच सांगते. माजी चूक तुमच्या नावावर कशाला?”

क्षितिजाने होकारार्थी मान डोलावली. सही करत नाही, एवढा निरोप तिने तिथूनच सरांना पाठवला. कागदावर मूठभर खार जमला होता. तळाशी अजून बराच होता, तिने सुरी आत घातली.

साळूबाईंनी हंड्याच्या काठावर हात ठेवला.

“आता बास, ताई. इहिरीचं तेवढंच ऱ्हायलंय.”