निळी शाल

यादी फ्रिजवर चिकटवलेली होती आणि तिच्यात नऊ कलमं होती. सातवं वाचून चिक्कूला हसू आवरेना.

‘रोज दुपारी चार ते पाच वरच्या खिडकीत बसावे. बाईंची निळी शाल पांघरावी, नाहीतर मांजर मांडीवर येत नाही.’

“आई, मांजराचे लाड ऐकलेस का?” ती फोनवर म्हणाली.

“मांजराचं राहू दे. अनोळखी पोरीच्या हातात आख्खं घर सोपवणारी ही माणसं कोण गं?”

“अगं, काकांना आठवडाभर कामासाठी परगावी जायचंय, काकू बहिणीकडे गेल्यात. घराला माणूस हवा, मला छप्पर हवं. फुकट ते पौष्टिक!”

चिक्कू हे नाव वसतिगृहातल्या मैत्रिणींनी ठेवलेलं. एका टी-बॅगेत दोन दिवस काढणारीला दुसरं काय म्हणणार? या सुट्टीत तिला समुद्राकाठची चार गावं बघायची होती आणि जवळ होते फक्त बसभाड्यापुरते पैसे. वसतिगृहाच्या फलकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली, ‘घर राखायला विद्यार्थिनी हवी, राहणे फुकट’, तेव्हा तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. काका फोनवर फार गोड बोलले. यादीप्रमाणे नीट राहिलीस तर पुढच्या तिन्ही गावांत ओळखीच्यांची घरं मिळवून देतो, म्हणाले. नाहीतर गाशा गुंडाळून घरी. त्यामुळे यादीतलं एक अक्षरही चुकवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

बाकीची कलमं साधीच होती. पुढचं कुलूप अडकतं, म्हणून ये-जा मागच्या बोळातून. बेल वाजली तर दार उघडू नये. अंगणातल्या नव्या वाफ्याला दोन वेळा पाणी. समोरच्या आजींना कमी दिसतं आणि त्या अनोळखी माणसाला बिचकतात, तेव्हा बोलायला जाऊ नये. त्या खिडकीतून हात करतील, आपणही करावा. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटतं.

पहिल्या दिवशी चारच्या ठोक्याला ती शाल पांघरून खिडकीत बसली. मांजर काही आलं नाही. समोरच्या खिडकीत एक पांढरं डोकं दिसलं, हात वर झाला. चिक्कूनेही हात केला. आजींचा चेहरा खुलल्यासारखा वाटला आणि तिलाही उगाच पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही मांजर आलं नाही. ते अंगणात वाफ्याच्या कडेला बसून मातीकडे टक लावून बघत होतं. तिसऱ्या दिवशी तिने त्याला उचलून वर आणलं, तर तिच्या मनगटावर ओरखडा काढून ते खाली पळालं आणि वाफा उकरायला लागलं. चिक्कूने माती सारखी केली, वर पाणी घातलं. वाफ्यात अजून एक कोंबही नव्हता.

घर तसं छान होतं, पण तिला एकटीने जेवताना घास उतरेना. वरच्या खोलीत शिवणयंत्रावर बाईंचा चष्मा होता आणि यंत्राच्या सुईखाली उशीचा अर्धवट शिवलेला अभ्रा. जणू कोणी हाक मारली म्हणून बाई उठून गेल्या होत्या. त्या खोलीत बसताना चिक्कू दाराकडे पाठ करेनाशी झाली.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला.

“काका, मांजर खिडकीत येतच नाही. तरी बसायचं का?”

“बस गं बाळ. रोजची सवय मोडू नये.”

“आणि काकूंचा चष्मा इथेच राहिलाय. त्यांच्या बहिणीकडे पाठवू?”

“नको.” मग मऊ आवाजात, “तिच्याकडे दुसरा आहे. तू फार गुणी आहेस हं. पुढच्या घराचा पत्ता लिहून घे.”

चिक्कूचा जीव भांड्यात पडला. राहिलेले तीन दिवस तिने ओरखड्याला मलम लावत, शाल पांघरून, चार ते पाच इमानेइतबारे काढले.

आठव्या दिवशी उजाडताच ती मागच्या दाराने निघाली. किल्ली कुंडीखाली ठेवली. नववं कलम तिला सगळ्यात आवडलं होतं: ‘जाताना शाल आमची आठवण म्हणून घेऊन जावी.’ हवेत गारवा होता, तिने ती तिथेच अंगावर घेतली.

दुसऱ्या गावात पोचल्यावर ती पत्त्यावरची गल्ली शोधत गेली. घर क्रमांक बत्तीस. गल्ली अठराव्या घराशी संपत होती, पुढे नुसता समुद्र. तिने काकांना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. लिहून घेताना आपणच घोटाळा केला असणार, असं म्हणत तिने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि परतीची बस पकडली. काका आज सकाळी घरी येणारच होते. समोरासमोर विचारलं की काम झालं.

या वेळी ती पुढच्या रस्त्याने आली. फाटक सताड उघडं होतं. पायरीवर एक गृहस्थ डोकं धरून बसले होते. शेजारी एक पोलीस वहीत लिहीत होता आणि काठी टेकत समोरच्या आजी उभ्या होत्या.

“आजी, नीट आठवून सांगा,” पोलीस म्हणाला. “हे आठवडाभर परगावी होते. आज सकाळी आले तर बायको घरात नाही. तुम्ही त्यांना शेवटचं कधी बघितलंत?”

“कालच की! चार वाजता. रोज त्या वरच्या खिडकीत बसायच्या, निळी शाल पांघरून. मी हात केला की त्याही करायच्या.”

चिक्कू अंगावरची शाल धरून फाटकातच थांबली. आजींनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अहो, रडताय काय? त्या बघा, आल्या की!” म्हणत त्यांनी हात वर केला.

आणि आठवडाभराच्या सवयीने चिक्कूचाही हात वर गेला.