पायासकट

बूट मैदानात धावत होते आणि त्यांची मालकीण मोज्यांवर चपला घालून बाकावर बसली होती.

अकोल्याच्या मैदानावर मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता. समोर अमरावतीचा संघ. दोघांचा एकेक गोल झालेला, वीस मिनिटं उरलेली. प्रतीक्षा राखीव खेळाडू होती. तीन वर्षं राखीवच. नावाप्रमाणे वाट पाहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी अमरावतीला ऐन सामन्यात हर्षाच्या बुटाचा तळ निघाला, तेव्हा इंगळे सर म्हणाले होते, "तू तं बसूनच आहे, दे तुहे." दोघींच्या पायाचं माप एक. हर्षा संघातली सगळ्यात तेज पोरगी. तेव्हापासून सामन्यासाठीच जपून ठेवलेले ते बूट सामन्याच्या दिवशी हर्षाचे, ही रीतच पडून गेली.

आज मात्र प्रतीक्षाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाय बाकाखाली घे, पुन्हा बाहेर काढ, ओढणी नसताना ओढणी सावर, असं तिचं चाललं होतं. कारण समोरच्या पायऱ्यांवर छत्री उघडून तिची आई बसली होती.

जाईबाई पातूरच्या अंगणवाडीत मदतनीस. आजवर सामने अमरावतीला, नाही तर वरूडला व्हायचे. तिला जमायचं नाही. यंदा अकोल्यात आहे म्हटल्यावर तिने रजा टाकली आणि लेकीला न सांगता दुसऱ्या एसटीने येऊन बसली.

"खेळली का वो?" दर वेळी आई दारातच विचारायची.

"हो." प्रतीक्षा म्हणायची. त्यात खोटं कोण म्हणणार? बूट तर चिखलाने माखलेले असायचे. मग आई ओट्यावर बसून तुटक्या चमच्याने ती काळी माती खरवडायची, बूट उलटे करून तळ निरखायची. प्रतीक्षाच्या चपला नेहमी बाहेरच्या बाजूने झिजायच्या, त्यावरून ती लेकीला हमखास चिडवायची. बुटांवरून मात्र कधी काही बोलायची नाही.

आणि आता त्या बुटांच्या लाल नाड्या, आईने स्वतःच्या हाताने ओवलेल्या, भर मैदानात हर्षाच्या पायात नाचत होत्या. लांबूनही ओळखू येत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं प्रतीक्षाला झालं. पायऱ्यांकडे मान वर करून बघायची तिची छाती होईना.

तेवढ्यात हर्षा कोसळली. पोटरीत गोळा आला होता. दोघींनी तिला उचलून रेषेबाहेर, बाकापाशी आणून टेकवलं.

"आचल, ऊठ!" सर ओरडले. आचल पहिल्या वर्षाची, धावण्याच्या शर्यतीतून उचलून आणलेली. तिचे बूट खालून सपाट, आणि सकाळी टँकरने पाणी मारलेलं मैदान नुसतं निसरडं. सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग बाकाकडे. "प्रतीक्षा, हर्षाचे बूट काढ अन् आचलले दे. लवकर."

हर्षाचे.

प्रतीक्षा उठली. खाली बसून तिने लाल नाड्या सोडल्या. बूट ऊन ऊन होते. हर्षाच्या पायातून निघालेले बूट हातात घेऊन ती क्षणभर तशीच बसली, आणि मग चपला बाजूला सारून तिने ते आपल्याच पायात घातले. नाडी तिने करकचून आवळली. राग होता, भीतीही होती.

"ऐकू नाही येऊन राहिलं का तुले?"

"येऊन राहिलं, सर." ती उभी राहिली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बूट माहे आहेत. पाहिजे तं पायासकट न्या."

पंच घड्याळाकडे बोट दाखवत होता. खाली बसलेली हर्षा पोटरी चोळत म्हणाली, "जाऊ द्या न तिले, सर." सरांनी वैतागून हात झटकला. प्रतीक्षाने त्यालाच होकार मानलं आणि धावत सुटली.

पहिलाच चेंडू तिच्या पायाखालून निघून गेला. दुसऱ्या वेळी ती सपशेल घसरली आणि पायऱ्यांवर हशा पिकला. तिसऱ्या वेळी मात्र अमरावतीच्या उंच पोरीच्या पायातून तिने चेंडू काढून घेतला आणि भावनाकडे दिला. भावनाचा फटका खांबावर आदळला. सगळ्या संघाने डोक्याला हात लावला. शेवटच्या मिनिटाला अमरावतीने गोल केला आणि कप अमरावतीला गेला.

प्रतीक्षा पायऱ्यांशी गेली. आईच्या पायाशी खालच्या पायरीवर बसून तिने बूट काढले, एक काडी उचलली आणि मान खाली घालून माती खरवडू लागली. आईकडे बघायला नको म्हणून.

"आई, मी तुले तीन वर्सं..."

जाईबाईने छत्री मिटली. लेकीच्या हातातून बूट घेतला, उलटा केला आणि तळाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"तुह्या चपला भाईरून झिजतात. हे बूट पह्यल्या सालापासून आतून झिजून राहिले."

प्रतीक्षाच्या हातातली काडी थांबली. "मंग बोलली काहून नाही?"

आईने पिशवीतल्या भाकरीचा कागद सोडवला, त्यात दोन्ही बूट मातीसकट जपून गुंडाळले आणि लेकीच्या हातातली काडी काढून फेकून दिली.

"आजची माती राहू दे, पोरी. ही तुह्या पायाची आहे."