हाड

जुईने "हाड" म्हटलं आणि भुऱ्या शेपटी हलवत धावत आला. जुईने कपाळाला हात लावला.

नागपूरची ही मुलगी भोपाळला संशोधनासाठी आली होती. विषय असा, की रस्त्यावरच्या कुत्र्यांना माणसाचा शब्द कळतो की नुसता सूर? एकाच सपाट आवाजात, रिकाम्या हातांनी वेगवेगळे शब्द म्हणायचे आणि कुत्रा काय करतो ते बघायचं. "हट" हा तर तिथल्या कुत्र्यांच्या रोजच्या कानावरचा शब्द. त्याच्या जोडीला त्यांनी कधी न ऐकलेला शब्द हवा, म्हणून तिने मुद्दाम मराठी "हाड" निवडला. बिट्टन मार्केटमधली कुत्री "हट" म्हटलं की बाजूला होत आणि "हाड" म्हटलं की बावळटासारखी बघत राहत. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मग हा भुऱ्या. कोलार रोडवरच्या ज्या कॉलनीत ती भाड्याने राहायची, तिथलाच. तो "हट"ला मुकाट्याने निघून जाई, आणि "हाड"ला मात्र पाहुण्याला बोलावल्यासारखा हजर.

कॉलनीत मराठी घर एकच. अच्युतराव आणि सुमित्राकाकूंचं. अच्युतराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर आणि आता कॉलनीचे अध्यक्ष. 'कुत्र्यांना खाऊ घालण्यास सक्त मनाई' ही पाटी त्यांनीच लावलेली. रोज सकाळी आपल्या घराच्या फाटकाशी उभे राहून ते भुऱ्यावर असे काही खेकसत, की अख्ख्या गल्लीला जाग यावी. भुऱ्या ढिम्म हलत नसे.

जुईचे घरमालक गोपीनाथ मालवीय यांना याची भारी मौज वाटायची. "भाईसाब भगा रहे हैं कि बुला रहे हैं? हाड़-हाड़ करते हैं, वो समझता है हड्डी मिलेगी," असं ते ज्याला त्याला सांगत. अच्युतरावांच्या घरात कांदासुद्धा बेतानेच शिजायचा, हाडं कुठली!

पण मौज संपली. इतकं दरडावूनही जो हलत नाही तो निर्ढावलेला, उद्या पोरांना चावेल, अशी कुजबुज सुरू झाली. त्याला शहराबाहेर, मंडीदीपच्या पलीकडे नेऊन सोडावं, असं ठरत आलं. रविवारी बैठकीत हात वर झाले की संपलं. प्रयोग गेला खड्ड्यात, ते गरीब जनावर नव्या मुलखातल्या कुत्र्यांच्या तोंडी जाईल, ही जुईची काळजी होती.

सुमित्राकाकूंची अवस्था तर बघवत नव्हती. खिडकीआडून भुऱ्याकडे बघत त्या जुईला म्हणाल्या, "काहीतरी कर गं. हा गेला ना, तर आमच्या घरात घास गोड लागायचा नाही."

रविवारी कॉलनीच्या बागेत सगळे जमले. जुईने आधी विनंती केली, की दोन मिनिटं तिचं ऐकावं. तिने गोपीनाथना अगदी हळू आवाजात "हट" म्हणायला लावलं. भुऱ्या उठला आणि निमूट लांब जाऊन बसला. मग जुईने तशाच आवाजात "हाड" म्हटलं. भुऱ्या धावत आला आणि तिच्या हातांकडे बघायला लागला.

तो निर्ढावलेला नाही, उलट फार आज्ञाधारक आहे, असं तिने समजावलं. बिचाऱ्याला शब्दाचा अर्थच उलटा शिकवलाय. "हाड" ऐकू आलं की खायला मिळतं, असा त्याचा पक्का अनुभव आहे.

हे बोलून होईपर्यंत आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. कॉलनीत मराठी घर एकच. सगळ्या माना तिकडे वळल्या. अच्युतराव चष्मा पुसायला लागले. पाटीवर सही त्यांची होती.

सुमित्राकाकू पदर सावरत उठल्या. "मेरी गलती है," त्या म्हणाल्या. "ये गेट पे चिल्लाते हैं, तब मैं ऊपर छत से रोटी डालती हूँ. इनको तो पता भी नहीं."

गोपीनाथ पोट धरून हसायला लागले आणि बाग हसण्याने दणाणली. नवरा खालून ओरडतोय, बायको वरून पोळ्या टाकतेय, आणि कुत्र्याची समजूत, की हे घर किती अगत्याचं! अच्युतरावांचा चेहरा पार पडला होता. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी ते पुटपुटले, पण ऐकतंय कोण? नियमच बदला, असं गोपीनाथनी सुचवलं. कॉलनीच्या फाटकाबाहेर एक जागा ठरली, ज्याला घालायचंय त्याने तिथे घालावं. भुऱ्या राहिला.

जुईला इतका आनंद झाला, की ती भुऱ्याला मानेशी धरून थेट काकूंपाशी घेऊन आली. एवढ्या माणसांत बोल लावून घ्यायचा म्हणजे काय खायचं काम आहे? काकूंचं कौतुक करावं तेवढं थोडं, असं तिला वाटत होतं.

"काकू, आता चोरून नको. उद्यापासून खाली येऊन स्वतःच्या हातांनी भरवा त्याला."

काकू टुणकन बाकावर चढल्या आणि त्यांनी साडी घोट्याच्या वर धरली.

"अगं बाई, आधी त्याला लांब ने! कुत्र्याच्या भीतीने मी कधी गच्चीच्या कठड्याशीसुद्धा जात नाही. हे जे काय आहे ते ह्यांना सांग. आणि म्हणावं, भरवताना आता ओरडू नका."